पराभवाचें माप

भीमेच्या उत्तर तीरीं शिरूर तालुका आणि दक्षिण तीरीं दौंड. दोन्ही तीरांवर ऊंस एकच, आणि कबड्डीचें वेडही एकच. आमच्या एका मंडळींतील तरुणांचा संघ मागल्या हिवाळ्यांत नदी ओलांडून दौंडाकडच्या एका गांवीं सामना खेळावयास गेला व असा हरला कीं, परत येतांना ट्रॅक्टरच्या ट्रॉलींत कोणी कोणाशीं बोललें नाहीं. तीन वेळां लोण चढला होता. गुण ४१ विरुद्ध १२. शेवटचीं पांच मिनिटें तर पाहणारे लोक आमच्या मुलांची प्रत्येक फसलेली पकड मोठ्यानें मोजून हंसत होते. दुसऱ्या दिवशीं त्या हंशासकट सगळें चित्रण दोन्ही तालुक्यांत मोबाईलवर फिरूं लागलें. आणि नऊ दिवसांनीं ह्याच संघास मोठ्या स्पर्धेंत उतरावयाचें होतें.

डाव्या कोपऱ्यावर खेळणारा मुलगा घराबाहेर पडेना. कामावर जाईना. त्याच्या आईनें आम्हांस बोलाविलें. आम्ही गेलों, आणि अशा प्रसंगीं वडील माणसें जें बोलतात तेंच बोललों, "झालें गेलें विसरून जा, बाळा. खेळच तो." मुलानें मान वर न करतां विचारलें, "पाळकसाहेब, मी विसरेन. पण गांव विसरेल का?" आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. चहा घेऊन आम्ही परत आलों.

प्रश्न दिसतो तितका लहान नाहीं. चारचौघांत फजिती झाली असतां मनुष्यानें ती विसरावी कीं स्मरणांत ठेवावी? विसरावी म्हणावें, तर ज्या चुकीनें ती ओढवली ती तशीच राहते. स्मरावी म्हणावें, तर पुढल्या वेळीं पकडीस गेलेला हात मध्येंच थबकतो. खेळाडूच काय, परीक्षेंत नापास झालेला विद्यार्थी, दिवाळें निघालेला दुकानदार, ज्याच्या घरची भांडणें चावडीवर गेलीं तो गृहस्थ, ह्या सर्वांस हाच पेंच पडतो.

आम्ही क्रिकेटचे मोठे भोक्ते नव्हे. तथापि ह्या प्रश्नाचा विचार करतांना एक क्रिकेटचीच हकीकत वारंवार डोळ्यांपुढें येते. ता. १९ डिसेंबर २०२० रोजीं ऑस्ट्रेलियांतील ॲडलेड येथें भारताचा संघ कसोटी सामन्याच्या दुसऱ्या डावांत अवघ्या ३६ धावांत आटोपला. भारताच्या कसोटी इतिहासांत याहून अल्प धावसंख्या नाहीं. एकाही फलंदाजास दोन आंकडी धावा करितां आल्या नाहींत. सर्वांत अधिक त्या ९. हेझलवूड ह्या गोलंदाजानें ८ धावा देऊन ५ गडी टिपले. महंमद शमी ह्यांच्या मनगटाचें हाड मोडलें. कर्णधार विराट कोहली हे पत्नीच्या बाळंतपणाकरितां मायदेशीं परतणार हें आधींच ठरलें होतें. पुढचा सामना मेलबर्नचा, नाताळच्या दुसऱ्या दिवशीं सुरू होणारा, त्या देशांतील वर्षाचा सर्वांत मोठा सामना. आणि तो एका आठवड्यावर आला होता.

कर्णधारपद आलें अजिंक्य रहाणे ह्यांच्याकडे. ते मूळचे संगमनेर तालुक्यांतील आश्वी खुर्दचे, म्हणजे आमच्या कित्येक वाचकांच्या सोयरिकीच्या मुलखांतले. त्यांच्या डोक्यावर ३६ धावांखेरीज आणखी एक ओझें होतें. त्याच सामन्याच्या पहिल्या डावांत कोहली ७४ धावांवर उत्तम खेळत असतां रहाणे ह्यांनीं धांवेसाठीं हांक दिली व लागलीच त्यांस मागें परतविलें. कोहली धांवबाद झाले, आणि तेथून डाव घसरला. रहाणे ह्यांनीं त्याबद्दल कोहलींची क्षमा मागितली. प्रकरण तेवढ्यावरच ठेविलें. तें लपविलें नाहीं, कीं उगाळीतही बसले नाहींत.

मग संघानें काय केलें तें पाहण्याजोगें आहे. ३६ धावांत बाद झालेला संघ दुसऱ्या सामन्यास फलंदाज वाढवील, असें कोणीही म्हणेल. भीति मनुष्यास तोच सल्ला देते. परंतु त्यांनीं कोहलींसारख्या फलंदाजाच्या जागीं रवींद्र जडेजा ह्यांस घेतलें, म्हणजे पांचवा गोलंदाज घेतला. याचा अर्थ असा कीं, त्यांनीं ॲडलेडचा सामना पुन्हां नीट वाचला. पहिल्या डावांत भारतानें २४४ धावा केल्या होत्या, प्रतिपक्षास १९१ धावांत गुंडाळून ५३ धावांची आघाडी घेतली होती. सर्वनाश झाला तो तिसऱ्या दिवशींच्या एका सत्रांत. सामना गेला हें खरें. पण सामन्यांतलें सर्व कांहीं वाईट नव्हतें. प्रशिक्षक रवि शास्त्री ह्यांनीं खेळाडूंस ते ३६ बिल्ल्याप्रमाणें अंगावर वागविण्यास सांगितलें, असें त्यांच्या एका सहकाऱ्यानें पुढें सांगितलें आहे. हा उपदेश आम्हांस सर्वस्वी रुचत नाहीं. बिल्ला लावतां लावतां मनुष्य आपल्या फजितीचाही अभिमान बाळगूं लागतो. तरी विसरण्याच्या उपदेशाहून तो बरा.

मेलबर्न येथें ऑस्ट्रेलियाचा पहिला डाव १९५ धावांत संपला. भारतानें ३२६ केल्या. त्यांत रहाणे ह्यांच्या ११२. महंमद सिराज हा नवा गोलंदाज त्याच सामन्यांत प्रथम खेळला. नोव्हेंबरांत त्याचे वडील हैदराबादेस वारले असतांही तो संघाबरोबर तेथेंच राहिला होता. ता. २९ रोजीं भारत ८ गडी राखून जिंकला. ह्या जयापेक्षां त्या ११२ धावांचा शेवट आम्हांस अधिक मोलाचा वाटतो. जडेजा ४९ धावांवर होते. पन्नासाव्या धांवेसाठीं त्यांनीं हांक दिली, आणि रहाणे धांवबाद झाले. अकरा दिवसांपूर्वीं आपण दुसऱ्यास ज्या रीतीनें बाद करविलें, त्याच रीतीनें आतां आपण बाद झालों. रहाणे संतापले नाहींत. उलट जडेजांस थोपटून, खेळत राहा, असा धीर देऊन तंबूकडे गेले. आपल्या चुकीचें ठीक माप ज्यानें घेतलें आहे, त्यालाच दुसऱ्याच्या चुकीचें माप ठीक घेतां येतें.

आमच्या मतें गुंता येथेंच आहे. चूक आणि लाज ह्या दोन निरनिराळ्या वस्तु असून आपण त्या एकाच गांठोड्यांत बांधतों. चुकीस आकार असतो; ती मोजतां येते, तिच्यावर बोट ठेवतां येतें. लाजेस आकार नसतो. ती पाहणाऱ्यांच्या हंशाएवढी मोठी होते. पेत्रानें तीन वेळां नाकारलें, आणि तीनच वेळां त्यास विचारण्यांत आलें, चौथ्यांदां नाहीं.

आतां कोणी म्हणेल, प्रामाणिकपणें हिशेब केला म्हणजे जय हातीं येतो, असें तुम्ही सांगतां. तसें आम्ही सांगत नाहीं, आणि त्याचें प्रमाण आमच्याच जिल्ह्यांत आहे. सन २०२४ च्या ऑक्टोबरांत बंगळूर येथें न्यूझीलंडविरुद्ध भारत ४६ धावांत बाद झाला. मायदेशीं इतकी नीचांकी धावसंख्या भारतानें पूर्वीं कधीं केली नव्हती. कर्णधार रोहित शर्मा ह्यांनीं, खेळपट्टी ओळखण्यांत आपण चुकलों, असें उघडपणें कबूल केलें. संघांत तीन बदल केले. पुढचा सामना पुण्याजवळ गहुंजे येथें झाला. तेथें सँटनर ह्या फिरकी गोलंदाजानें दोन्ही डावांत मिळून १३ गडी बाद केले, आणि भारत ११३ धावांनीं पुन्हां हरला. मुंबईसही हरला. तेव्हां कबुली देणें म्हणजे जयाची किंमत मोजणें नव्हे. कबुली हें देणें आहे; पदरांत कांहीं पडो वा न पडो, तें फेडावयाचें असतें.

पाहणाऱ्यांकडेही एक देणें असतें, त्याविषयीं मात्र फार थोडें बोललें जातें. सन १९७१ मध्यें अजित वाडेकर ह्यांच्या संघानें वेस्ट इंडीज व इंग्लंड येथें मालिका जिंकल्या, तेव्हां मुंबईनें त्यांची मिरवणूक काढिली. सन १९७४ मध्यें तोच कर्णधार असतां लॉर्ड्स येथें संघ ४२ धावांत बाद झाला व मालिका तीन-शून्यानें गेली. ज्यांनीं फुलें उधळलीं त्यांच्यापैकींच पुष्कळांनीं मग शिव्या दिल्या, आणि वाडेकर लौकरच खेळांतून निवृत्त झाले. मिरवणुकींतलें प्रेम खोटें होतें असें नाहीं. पण त्याला माप नव्हतें, म्हणून द्वेषासही माप राहिलें नाहीं. याच्या उलट, सन २०२१ च्या जानेवारींत ऑस्ट्रेलियांतील मालिका जिंकून रहाणे मुंबईस घरीं आले, तेव्हां स्वागतास कांगारूची आकृति असलेला केक आणिला होता. तो कापण्याचें त्यांनीं नाकारलें. प्रतिपक्षाचा मान राखिला पाहिजे, असें त्यांचें म्हणणें.

हें सर्व मनांत घोळत असतां तिसऱ्या दिवशीं आम्ही त्या मुलाकडे पुन्हां गेलों. ह्या वेळीं संघांतील इतरांसही बोलाविलें, आणि वही व पेन्सिल नेली. ज्या चित्रणानें त्यांची फजिती गांवोगांव नेली, तेंच पुढें ठेवून आवाज बंद केला, आणि गुणांचा हिशेब मांडला. ४१ पैकीं ६ लोणाचे. ९ गुण आपल्याच चढाया निदान रेषा न ओलांडतां किंवा घाईनें फुकट गेल्यामुळें. डाव्या कोपऱ्याच्या फसलेल्या पकडींचे ७. तेवढ्यांत कर्णधार मुलगा, जो इतका वेळ भिंतीस टेकून उभा होता, म्हणाला, "त्या सातांतले दोन माझे धरा. मी त्याला इशारा न देतां आधींच पुढें धांवलों." वहींत तशी दुरुस्ती केली. डाव्या कोपऱ्याच्या मुलानें वही आपल्याकडे ओढून घेऊन तो आंकडा दोनदां वाचला. "पांचच?" तो म्हणाला. मग बऱ्याच वेळानें, "पण पांच तर माझेच आहेत."

दुसऱ्या दिवशीं पहांटे तो मैदानावर होता, असें त्याच्या आईनें सांगितलें.

मोठ्या स्पर्धेंत आमचा संघ ३ गुणांनीं हरला. परत येतांना ट्रॉलींत इतका गलका होता कीं, चालवणाऱ्यानें दोन वेळां मागें वळून दटाविलें. शेवटच्या चढाईंत बोनस रेषेपलीकडे पाय पडला होता कीं नाहीं, ह्याबद्दल वाद चालला होता, आणि सर्वांत मोठा आवाज डाव्या कोपऱ्याचा होता.