संकेत आणि मंत्र

शब्द व अर्थ यांचा संबंध नित्य आहे कीं मनुष्यानें ठरविलेला आहे, हा आपल्या दर्शनकारांचा जुना वाद आहे. मीमांसक तो नित्य मानतात. नैयायिक त्यास केवळ संकेत म्हणतात. संगणकास ज्या नांवांनीं आज्ञा देतात त्यांचा इतिहास पाहिला म्हणजे या वादाची एक निराळीच बाजू दृष्टीस पडते.

१९६९ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत केन थॉम्सन व डेनिस रिची यांनीं 'युनिक्स' या कार्यप्रणालीच्या रचनेस आरंभ केला. त्या काळीं आज्ञा द्यावयाची ती टेलिटाइपवर. त्याच्या कळा जड, आणि वेग सेकंदास अवघा १० अक्षरांचा. साहजिकच 'लिस्ट'चें 'एलएस' झालें, 'कॉपी'चें 'सीपी' झालें. 'कॉन्कॅटिनेट', म्हणजे एकापुढें एक जोडणें, या लांबलचक शब्दांतलीं तीन इंग्रजी अक्षरें उचलून 'कॅट' झालें. अमुक नमुन्याच्या ओळी सर्वत्र शोधून छाप, ही आज्ञा 'ईडी' नामक लेखनसाधनांत ज्या अक्षरांनीं देत, तींच जोडून 'ग्रेप' हें नांव बनलें. हीं नांवें ठेवणारांस नांवें ठेवावीं असें यांत कांहींच नाहीं.

पुढें यंत्रें बदललीं, कळा हलक्या झाल्या. नांवें मात्र तींच राहिलीं. युनिक्स पुन्हा रचावयाचें झाल्यास काय बदलाल, असें थॉम्सन यांस विचारलें असतां, 'क्रिएट' या नांवांतलें गाळलेलें शेवटचें 'ई' अक्षर लिहीन, असें त्यांनीं विनोदानें सांगितलें. तें अक्षर आजहि गाळलेलेंच आहे. कारण असंख्य आज्ञावली त्या अपुऱ्या नांवावरच विसंबून आहेत. संकेत मनुष्यकृत खरा. परंतु त्यावर इतरांचा व्यवहार उभा राहिला कीं करणाऱ्याचीहि सत्ता त्यावर उरत नाहीं.

नांव मागें घेतां येत नाहीं, तर त्याचें कारण तरी नांवाबरोबर पुढें देणें हें जाणत्याचें कर्तव्य नव्हे काय? कोणी म्हणेल, 'कुशल' म्हणतांना कुश तोडणारा कोणास आठवतो? खरें आहे. परंतु मातृभाषेंतला शब्द मुलास घरच्या व्यवहारांत अर्थासह मिळतो. 'ग्रेप' त्याच्यापुढें परक्या भाषेंतून, तोहि तुटलेल्या रूपांत येतो. कारण लोपलें म्हणजे संकेताचा मंत्र होतो, आणि ज्याच्या घरीं इंग्रजी नाहीं असा विद्यार्थी तो न उमगल्याचा दोष आपल्याच बुद्धीकडे घेतो. 'हें असेंच असतें, पाठ करा' असें म्हणणारा शिक्षक असत्य बोलत नाहीं; पण त्या मुलावरचा हा अन्याय तो दूर करूं शकत असूनहि करीत नाहीं. ही कोणा मंत्रद्रष्ट्याची वाणी नसून संथ यंत्रापुढें बसलेल्या माणसांनीं केलेली काटकसर आहे, एवढें सांगावयास दोन मिनिटेंहि लागत नाहींत.