मागे बसणारे माणूस

माणसाचे वय केसांवरून कळते आणि मोटारीचे वय आवाजावरून, असे म्हणतात. आमच्या मोटारीने १,८०,००० किलोमीटरचा टप्पा ओलांडला तेव्हा तिला नाना प्रकारचे आवाज होते. पण मला त्यांतला एकही ऐकू येत नव्हता. मी बहिरा झालो होतो असे नव्हे. जो आवाज रोज कणाकणाने वाढतो, तो रोज ऐकणाऱ्याच्या कानांना कळत नाही, एवढेच.

आईला मात्र तो ऐकू येई. तिचे माहेर वाईचे. वर्षातून तीनचार वेळा मी तिला पुण्याहून मावशीकडे नेत असे. सुरूरच्या फाट्यावरून गाडी वाईकडे वळली की मागच्या सीटवरून ती म्हणे, "अरे, केवढे हे धक्के! पाठीचा अगदी भुगा झाला." मी म्हणालो, "आई, रस्ताच तसा आहे." पुढच्या खेपेस म्हणालो, "आता तुझं वयही झालं ना!" दोन्ही उत्तरे मी अगदी प्रामाणिकपणे दिली होती. त्यानंतर ती धक्क्यांबद्दल बोलेनाशी झाली. मग हळूहळू वाईला जाणेही टाळू लागली. "फोनवर रोज बोलतोच की आम्ही बहिणी," असे म्हणे. वयाबरोबर माहेरची ओढही ओसरत असावी, असा सिद्धांत मी मनाशी मांडला. असले सिद्धांत मांडायला मला फार आवडते!

यंदा गणपती झाल्यावर गाडी गॅरेजमध्ये नेली, ती दुसऱ्याच कामासाठी. मिस्त्रींनी सहज गाडीच्या मागच्या कोपऱ्यावर दोन्ही तळहात ठेवले, जोराने दाबले आणि सोडून दिले. गाडी वर आली, खाली गेली, पुन्हा वर आली, आणि पाळण्यासारखी झुलत राहिली.

"साहेब, शॉक ॲब्सॉर्बर संपलेत."

"मला तर काही जाणवत नाही."

ते हसले. "तुम्हांला कसं जाणवणार? स्टिअरिंग तुमच्या हातात. खड्डा तुम्हांला आधी दिसतो. चला, मी चालवतो. तुम्ही मागं बसा."

स्वतःच्या मोटारीत मागे बसण्याचा प्रसंग माझ्यावर कधी आला नव्हता. जेमतेम अर्धा किलोमीटर आम्ही गेलो. परत येऊन उतरलो तेव्हा माझा हात आपोआप कमरेवर गेला होता, आणि तोंडातून आईचेच शब्द बाहेर पडणार होते.

मग मिस्त्रींनी मला गाडीखालचा संसार दाखवला. स्प्रिंग गाडीचे ओझे पेलते आणि धक्का पोटात घेते. पण घेतलेला धक्का ती विसरत नाही, उसळून परत देते. तो जिरवण्याचे काम शॉक ॲब्सॉर्बरचे. त्याच्या नळकांड्यातले तेल बारीक छिद्रांतून रेटले जाते आणि धक्क्याची उष्णता होऊन जाते. आमच्या नळकांड्यांतले तेल कधीच पाझरून गेले होते. सांध्यांतले रबरी बुश तडकले होते. एका बाजूचा शॉक ॲब्सॉर्बर जरा बरा दिसत होता, तरी मिस्त्री म्हणाले, "हे जोडीनंच बदलायचे. एक नवा नि एक जुना, तर गाडी वाकडी वागते."

सुटे भाग बदलू लागले की तत्त्वज्ञांना एक जुना प्रश्न आठवतो. थीसियसच्या जहाजाची एकेक फळी बदलली, तर जहाज तेच राहिले काय? आपल्याकडे 'मिलिंदपञ्हो'त नागसेन भिक्षू मिलिंद राजाला विचारतो, चाक म्हणजे रथ काय? आस म्हणजे रथ काय? प्रश्न मोठे आहेत. पण त्या दिवशी गॅरेजमधल्या स्टुलावर बसून मला टोचत होता तो प्रश्न वेगळाच होता. मोटार तीच राहील की नाही याची मला फिकीर नव्हती. जे मला खरोखरच जाणवले नाही, त्याबद्दल मी दोषी आहे काय?

माझ्या बाजूने बोलायला पुष्कळ आहे. मी खोटे बोललो नव्हतो. पैसे वाचवायचे म्हणून दुर्लक्ष केले नव्हते. झीज माझ्या अंगवळणी पडली होती. परंतु मला न जाणवलेले ज्याला जाणवत होते, असे एक माणूस माझ्यापासून दोन हातांवर बसले होते. न जाणवणे हा दोष नव्हे. ज्याला जाणवले त्याच्या पाठीलाच दोष देणे, हा मात्र खास दोष.

तुम्ही म्हणाल, मग काय प्रत्येक कुरकुर खरी मानायची? कधीकधी रस्ता खरोखरच वाईट असतो, आणि वयही होतेच. खरे आहे. पण कुरकुर मानणे निराळे आणि ती तपासणे निराळे. तपासायला मला किती लागले? अर्धा किलोमीटर आणि मागची सीट! घरात काय, कचेरीत काय, सुकाणू ज्याच्या हाती असते त्याला धक्के सर्वांत कमी बसतात. म्हणून मधूनमधून उठून मागे जाऊन बसणे, हे त्याचे कर्तव्यच ठरते.

मिस्त्रींनी नवे बुश बसवले. पण बोल्ट पुरते आवळले नाहीत. गाडी जॅकवरून उतरवून, चाकांवर भार आल्यावर मगच ते पिळले. मी कारण विचारले. "हवेत आवळले तर गाडी खाली येताच रबराला पीळ बसतो साहेब, आणि तो कायम राहतो. लवकर फाटतात मग." माझे आजवरचे सारे पाडव्याचे संकल्प का फाटले, ते मला त्या क्षणी कळले. ते सगळे मी हवेत आवळले होते. म्हणून या खेपेस संकल्प केला नाही. घरी जाऊन आईला एवढेच म्हणालो, "दसरा झाला की वाईला जाऊ."

ती नाही-हो करीत निघाली. सुरूरचा फाटा मागे पडला. मी कान मागे लावून बसलो होतो. बऱ्याच वेळाने ती म्हणाली,

"रस्ता छान केलेला दिसतोय रे आता."

'हो' म्हणून टाकावे, असा मोह क्षणभर झाला. पण गाडी चाकांवर होती, भार अंगावर होता.

"रस्ता तोच आहे, आई. गाडीच बिघडली होती."

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आणि माझं वय?"