सव्विसाव्या वर्षाची रेघ

शोगी म्हणजे जपानचं बुद्धिबळ. पट नऊ बाय नऊ घरांचा, प्रत्येकाकडे 20 मोहरे, आणि मारलेला मोहरा आपल्या बाजूने पुन्हा पटावर उतरवता येतो. या खेळावर पोट भरायचं तर 'शोरेइकाई' या प्रशिक्षण संस्थेत शिरून पायरी पायरीने 'चौथी दान' ही श्रेणी गाठावी लागते. वयाची 26 वर्षं होईपर्यंत ती मिळाली नाही, तर संस्था सोडायची. हा नियम न्याय्य आहे का, यावर पुढचा संवाद आहे. बोलणारे दोघे भंडारा जिल्ह्यातल्या आंधळगावचे. आबाजींची हयात हातमागावर कोशाच्या करवती साड्या विणण्यात गेली. त्यांची नात नागपुरात शिकते आणि बुद्धिबळाच्या स्पर्धा खेळते.

नात : आबाजी, मला असा नियम हवा होता. अमुक वय झालं की बस. कुणीतरी स्पष्ट सांगणारं हवं होतं.

आबाजी : खेळून थकली म्हणून मागून राहिली, का खरंच तसं वाटते?

नात : थकलेय, आणि खरंच वाटतंही. माझं रेटिंग 2100च्या आसपास अडकलंय. ग्रँडमास्टर व्हायला 2500 लागतं, वर तीन नॉर्म, म्हणजे स्पर्धेत ठरावीक दर्जाची कामगिरी तीनदा. वयाची अट कुठेच नाही. म्हणून माझ्यासारखा प्रत्येक जण म्हणतो, आणखी एक स्पर्धा खेळून बघू. प्रवेश फी भरायची, रेल्वेचं तिकीट काढायचं, लॉज शोधायचा. 'आता थांब' असं ना प्रशिक्षक म्हणतात, ना घरचे. त्यांना ते बोलणं निर्दयपणाचं वाटतं. मला त्यांचं गप्प राहणं जास्त निर्दय वाटतं.

आबाजी : बरं. तिकडे 'थांब' म्हणते तो कोण? कशाच्या जोरावर म्हणते?

नात : संस्थाच म्हणते. शोरेइकाईची शेवटची पायरी तिसऱ्या दानची. तिथे सहा महिन्यांची लीग असते, प्रत्येकाचे 18 डाव. पहिले दोघे वर जातात. वर्षात अशा दोन लीग, म्हणजे चार जण. देशात व्यावसायिक खेळाडू सुमारे 170. त्यांचं मानधन बरंचसं वर्तमानपत्रांनी पुरस्कृत केलेल्या स्पर्धांतून येतं. र्‍यूओ किताबाची स्पर्धा 'योमिउरी' या वर्तमानपत्राची, मेइजिन किताबाची 'आसाही' आणि 'माइनिची' या दोघांची. पैसा मोजका, म्हणून जागाही मोजक्या.

आबाजी : मंग ही रेघ पोराच्या अकलेवर नाही ओढली. पंगतीत पानं चार मांडली, म्हणून पाचव्याले उठवलं. त्याले भूक नव्हती असं काऊन म्हणावं?

नात : तसं कुणी म्हणतही नाही. पण पानं चारच आहेत हे ते पहिल्या दिवशी सांगतात. मूल शाळकरी वयात आत येतं तेव्हाच आईवडिलांना सगळं माहीत असतं. 21 व्या वर्षापर्यंत पहिली दान, 26 पर्यंत चौथी. नंतरही लीगमध्ये हारीपेक्षा जीत जास्त ठेवली तर मुदत वाढते, पण 29 च्या पुढे नाही. आपल्याकडे पानं किती हेच कुणी सांगत नाही.

आबाजी : आणि त्या संस्थेची पारख चुकली तर?

नात : चुकलीय. सेगावा शोजी नावाचा एक जण 1996 मध्ये 26 व्या वर्षी बाहेर पडला. नंतर शिकला, नोकरी धरली आणि हौशी खेळाडू म्हणून खेळत राहिला. खुल्या स्पर्धांमध्ये त्याने व्यावसायिकांना इतक्या वेळा हरवलं, की 2005 मध्ये त्याने जपानच्या शोगी महासंघाकडे अर्ज केला, मला पुन्हा संधी द्या. खेळाडूंनी मतदान करून त्याची खास परीक्षा घ्यायचं ठरवलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात तो ती पास झाला. तेव्हा वय होतं 35.

आबाजी : म्हंजे नियमानं ज्याले नालायक ठरवलं, तो लायक निघाला. एवढं पुरे नाही का तुले?

नात : मी उलटं बघते. बाहेर पडल्यामुळे त्याला नोकरी मिळाली, पोटाची काळजी मिटली. मग तो खेळाकडे मोकळ्या मनाने परतला. रेघ नसती तर कदाचित पस्तिशीपर्यंत तिथेच कुढत बसला असता.

आबाजी : असं नको म्हणू. माणूस घाव भरून उभा राहिला, याचं श्रेय घावाले देऊ नये. किती जण उभेच राहिले नसतील, त्यांचे किस्से आपल्यापर्यंत येतच नाहीत.

नात : हे मान्य. आणि एक किस्सा तर माझ्याच मनातून जात नाही. निशियामा तोमोका. तिथे चौथ्या दानपर्यंत आजवर एकही बाई पोचलेली नाही. 2020 च्या मार्चमध्ये संपलेल्या लीगमध्ये तिने 18 पैकी 14 डाव जिंकले. तरी ती तिसरी आली. पुढच्या वर्षी तिने शोरेइकाई सोडली.

आबाजी : 14 जिंकून? तिच्यात काय कमी होतं, सांग.

नात : काहीच नाही. पण सेगावाच्या प्रकरणानंतर महासंघाने 2006 मध्ये बाहेरच्यांसाठी कायमची परीक्षा सुरू केली. व्यावसायिकांविरुद्ध ठरावीक विजय मिळवले, की नव्या चौथ्या दानवाल्यांशी पाच डाव खेळायचे. तीन जिंकले की प्रवेश. इमाइझुमी केंजी त्या वाटेने 41 व्या वर्षी आत गेला. आधी तो वृद्धांची सेवा करण्याचं काम करायचा. निशियामाही त्या परीक्षेला बसली. 2025 च्या जानेवारीत शेवटच्या डावात हरली आणि 2-3 असं राहिलं. दुःख झालं मला. तरी वाटलं, दार बंद करणाऱ्यांनीच दुसरं दार उघडलं. आपल्याकडे दारच दिसत नाही, मग ठोठावणार कुठे?

आबाजी : आपल्याकडे लोक दिव्या देशमुखचं नाव घेतात.

नात : मीही घेते, अभिमानाने. नागपूरची मुलगी, 19 वर्षांची. 2025 च्या जुलैत बातुमीला कोनेरू हम्पीला हरवून महिला विश्वचषक जिंकला आणि एकही ग्रँडमास्टर नॉर्म नसताना थेट भारताची 88 वी ग्रँडमास्टर झाली. पण ती आदल्या वर्षीच मुलींमध्ये ज्युनियर जगज्जेती होती. तिच्या यशावरून माझ्याबद्दल काही सिद्ध होत नाही. घरोघरी मात्र तिचंच नाव काढून पोरांना पुढच्या स्पर्धेला पाठवतात.

आबाजी : उशिरा पोचलेलं कोणी नाही का?

नात : आहेत ना. प्रवीण ठिपसे 1997 मध्ये ग्रँडमास्टर झाले, आनंद आणि दिव्येंदू बरुआ यांच्यानंतरचे तिसरे भारतीय. तेव्हा ते चाळिशीच्या जवळ होते. 26 ची रेघ आपल्याकडे असती, तर ते आधीच बाद झाले असते.

आबाजी : मंग झालं की! तूच तुया नियमाले खोडलं.

नात : नाही आबाजी. खाडिलकर भगिनी बघा. वासंती, जयश्री, रोहिणी. राष्ट्रीय महिला स्पर्धा 1974 मध्ये सुरू झाली, तेव्हापासून कितीतरी वर्षं अजिंक्यपद त्या तिघींच्याच घरात होतं. रोहिणी तर 1976 मध्ये, 13 व्या वर्षी, पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळल्या. 1981 मध्ये आशियाई विजेत्या झाल्या. पुढे खेळ थांबवून त्या पत्रकारितेत गेल्या. एकाने थांबू नये आणि दुसऱ्याने थांबावं, दोन्ही बरोबर असू शकतं. मला एवढंच कळत नाही, की मी यातली कोण, हे ठरवणार कोण.

आबाजी : माझं सांगतो. करवती किनारीले तीन धोटे लागतात. एक अंगाचा, दोन काठांचे. दातापाशी काठाचा धागा अंगाच्या धाग्यात अडकवत जायचा. एक फेर चुकला की करवतीचा दात बोथट. ते मले जमत होतं, म्हणून मी विणत राहिलो. यंत्रमागाचा स्वस्त माल आला, आजूबाजूचे माग एकेक करून बंद पडले. मले कोणी 'थांब' म्हणालं नाही. म्हणालं असतं तरी मी ऐकलं नसतं.

नात : वाईट वाटतं?

आबाजी : विणल्याचं नाही वाटत. तुया बापाची शाळा ज्या वर्षी सुटली, त्या वर्षीही मी कोसा उधारीवर आणला, त्याचं वाटते. माझ्या हौसेची किंमत त्यानं भरली, आणि मी त्याले विचारलंही नाही. रेघ कोणी ओढावी, हे तू विचारून राहिली. जो किंमत भरते, त्याले विचारल्याशिवाय ओढू नये आणि पुसूही नये. मले एवढंच समजते.

नात : बाबा मला कधी आकडा सांगत नाहीत. मी विचारलं की म्हणतात, तू खेळ.

आबाजी : ते त्याचं प्रेम. पण त्यात तुयावर ओझं चढून राहिलं, हे त्याले दिसत नाही.

नात : म्हणूनच वाटतं, बाहेरून कुणी सांगितलं तर ना बाबांना वाईट वाटेल, ना मला.

आबाजी : शोगीत डाव संपला हे कोण सांगते? पंच?

नात : नाही. हरणारा स्वतःच सांगतो. पटासमोर गुडघे मोडून बसलेला असतो, तसाच वाकतो आणि म्हणतो, हरलो. राजा प्रत्यक्ष पकडला जाईपर्यंत शक्यतो कुणी थांबत नाही, आधीच ओळखतात. आणि मग उठून जात नाहीत. हरलेला आणि जिंकलेला दोघं मिळून तोच डाव पुन्हा मांडतात. कुठे चुकलं, दुसरी खेळी केली असती तर काय झालं असतं, यावर कधी कधी तासभर बोलतात.

आबाजी : मंग सव्विसाव्या वर्षी 'संपलं' म्हणणं त्या पोराले जमत असंल, तर ते लहानपणापासून रोज थोडं थोडं शिकलं म्हणून. पण एक सांग. संस्था सोडल्यावर त्याच्यासमोर बसून डाव पुन्हा मांडणारा कोणी असते का?

नात : नियमात तरी तसं काही लिहिलेलं नाही.

आबाजी : तिथंच तो नियम अपुरा आहे. एका डावानंतर तासभर बसतात, आणि पोराची दहा-बारा वर्षं संपली तर त्यानं एकट्यानं सामान भरायचं. 'थांब' म्हणायचा अधिकार त्यालेच, जो त्यानंतर सोबत बसंल.

नात : म्हणजे रेघेला तुमची हरकत नाही?

आबाजी : हरकत आहेच. वयाची रेघ मले पटत नाही. ठिपसेंचं तूच सांगितलं. पण पैशाची आणि वर्षांची रेघ घरच्यांनी एकत्र बसून ओढावी, ती पटते. खेळाले रेघ नको. नोकरी करूनही पट मांडता येते.

नात : आणि मला वयाची रेघही पटते, पहिल्या दिवशी सांगितली असेल तर. या एका गोष्टीवर आपलं जमायचं नाही. पण बाबांशी आजच बोलते. आतापर्यंत किती खर्च झाला, त्यातलं उसनं किती, पुढे किती झेपेल, सगळं वहीत मांडू. त्यावरून ठरवू, किती काळ पूर्णवेळ खेळायचं. ती मुदत संपेल तेव्हा मला समजावायला तुम्ही दोघं समोर हवेत.

आबाजी : बसतो. पण हे फक्त आपल्या घरापुरतं नको. तू नागपुरात लहान पोरांना शिकवते ना?

नात : शनिवार-रविवार.

आबाजी : मंग त्यांच्या मायबापांना पानं किती ते सांगत जा. पहिल्या दिवशी. पोरगं जिंकून राहिलं असतानाच. हरल्यावर सांगितलं तर ती शिक्षा वाटते.

नात : सांगेन. काही जण मुलाला दुसरीकडे घेऊन जातील. जाऊ देत. जे राहतील, त्यांच्यापैकी कुणी थांबायचं ठरवलं, तर त्याच्यासमोर बसायचं काम माझं.