सेल्फ मारण्याआधी

डिसेंबरातली सकाळ आहे. आर्वीच्या शिवारात हरभऱ्यावर दव पडलंय, कापसाची वेचणी सुरू आहे, आणि कोठ्याशेजारी उभ्या असलेल्या जुन्या ट्रॅक्टरची किल्ली तुम्ही फिरवली. सेल्फने एकदा ‘टक्’ केलं आणि गप्प बसला. आता लगेच दुसऱ्यांदा फिरवू नका. हात मांडीवर ठेवा. सीटवर तसेच बसा.

ही घाईच महागात पडते. बॅटरीत उरलंसुरलं जे आहे ते दुसऱ्या-तिसऱ्या झटक्यात जातं, आणि न फिरणाऱ्या मोटरीत ओतलेला करंट नुसता गुंडाळी तापवतो. शिवाय तो पहिला आवाज नेमका कसा होता, हे आठवायचं राहून जातं. तेव्हा तो आठवा. एकच जाड ‘टक्’ होता? की भराभर ‘टकटकटक’? की मोटर सुसाट फिरल्यासारखी नुसतीच घर्रर्र करून गेली आणि इंजिन जागचं हललं नाही? की काहीच आवाज नव्हता? तुमच्याकडे सध्या एवढाच पुरावा आहे, आणि तो फुकटचा आहे.

त्यावर विचार करण्याआधी आपण सेल्फकडून काय मागतो ते बघू. पुलगाव-आर्वी नॅरोगेज लाईन 1917 साली सुरू झाली. तिच्या वाफेच्या इंजिनाला सेल्फ लागत नव्हता. बॉयलर तापायला वेळ लागे, पण एकदा वाफ तयार झाली की ती थांबलेल्या दट्ट्याला ढकले आणि गाडी निघे. डिझेल इंजिनाचं तसं नाही. त्याला आधी कोणीतरी फिरवावं लागतं. दट्ट्याने हवा दाबली पाहिजे, दाबलेली हवा डिझेल पेटण्याइतकी तापली पाहिजे, आणि हे पुरेशा वेगाने झालं तरच पहिला धडाका होतो. पहिलं फिरणं नेहमी बाहेरून यावं लागतं. ते पूर्वी हँडलने येई, आजही गावात अनेकजण ट्रॅक्टर रात्री मुद्दाम उतारावर लावून ठेवतात, ते त्याचसाठी.

हँडलचं काम विजेवर नेलं चार्ल्स केटरिंगने. त्याची मोटर 1912 च्या कॅडिलॅक गाडीत बसली. त्याआधी तो नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत होता, आणि दुकानातल्या गल्ल्याचं यंत्र विजेवर चालवताना त्याच्या एक गोष्ट लक्षात आली होती: जी मोटर क्षणभरच चालायची आहे, तिच्यावर झेपेल त्यापेक्षा कितीतरी जास्त भार टाकता येतो. सगळे म्हणत होते, इंजिन फिरवायला इंजिनाएवढीच मोटर लागेल. ती लागली नाही. पण म्हणूनच सेल्फ सलग दहा सेकंदांच्या वर मारायचा नसतो, आणि दोन प्रयत्नांत निदान अर्धं मिनिट सोडायचं असतं. क्षणभराच्या बळावरच ती एवढीशी मोटर ते काम करते.

आता आवाजाकडे परत या, सावकाश.

भराभर टकटक म्हणजे सोलेनॉइड, म्हणजे मोटरीकडे करंट सोडणारा स्विच, ओढला जातोय आणि सुटतोय. त्याने मोटरीकडे करंट सोडला की व्होल्टेज कोसळतं, धरून ठेवण्यापुरतंही उरत नाही, तो सुटतो. सुटला की व्होल्टेज परत वर येतं आणि तो पुन्हा ओढला जातो. म्हणजे बॅटरी उतरली आहे किंवा वाटेत कुठेतरी जोड सैल आहे. एकच जाड टक् म्हणजे सोलेनॉइडने आपलं काम केलं, पण पुढे करंट गेला नाही किंवा जाऊनही मोटर फिरली नाही: आतले तांब्याचे संपर्क जळालेत, कार्बन झिजलेत किंवा मोटरच अडकली आहे. मोटर फिरते पण इंजिन नाही, तर बेंडिक्स, म्हणजे मोटरीची पुढे सरकणारी दाती, इंजिनाच्या दातावर येत नाही. अगदी शांतता असेल तर किल्लीपासून सोलेनॉइडपर्यंतची बारीक वायर, फ्यूज, क्लच किंवा न्यूट्रलचा स्विच यांच्याकडे बघायचं.

हेडलाइट लावा आणि मग एकदाच किल्ली फिरवा. नजर उजेडावर ठेवा. दिवा विझत आला, तर बहुधा बॅटरी किंवा तिचे जोड. दिवा जसाच्या तसा राहिला, तर करंट मोटरीपर्यंत पोचतच नाही. मिस्त्री हेच करतो. फरक एवढाच की तो हे करताना बोलत नाही, आणि आपल्याला वाटतं त्याला काही मंत्र येतो.

‘सेल्फ गेला’ हे वाक्य आपल्याकडे फार लवकर बोललं जातं. सेल्फ खोलून दुकानात नेला जातो, तिथे टेबलावर छान फिरतो, आणि परत आणून बसवला की पुन्हा टक्. दोष बहुतेक वेळा वस्तूंत नसतो, दोन वस्तूंच्या जोडात असतो. संत्र्याच्या बगीच्यात विहीर भरलेली असते, पंप जोरात असतो, आणि ठिबकच्या तोंडाशी कणभर कचरा अडकल्याने शेवटचं झाड कोरडं राहतं, तसंच हे.

बॉनेट उघडा आणि बॅटरीच्या टर्मिनलकडे नीट बघा. आधी हात लावू नका, फक्त बघा. शिशाच्या खुंटीभोवती पांढरा-हिरवट खार फुलून आलाय. क्लॅम्पचा बोल्ट घट्ट दिसतो, पण क्लॅम्प बोटांनी थोडा पिळून पाहिला की खुंटीवर फिरतो. क्लॅम्प आणि खुंटीच्या मधे जो काळपट थर आहे, तो नखाएवढाही जाड नाही. आता हिशेब करा. सेल्फ 200 अँपिअर ओढत असेल आणि त्या थराचा रोध अवघा 0.01 ओहम असेल, तर तिथेच 2 व्होल्ट संपतात. 12.6 व्होल्टच्या भरलेल्या बॅटरीतले दोन व्होल्ट, काहीही काम न करता, फक्त उष्णता होऊन. दिवा लावताना हा थर त्रास देत नाही, कारण दिव्याला करंट थोडासाच लागतो. म्हणून ‘लाईट तर मस्त लागते’ हा पुरावा कुचकामी आहे.

साफ करणं सोपं आहे. अर्थची केबल आधी काढा, गरम पाण्यात खायचा सोडा घालून खार धुवा, खुंटी आणि क्लॅम्प आतून चमकेपर्यंत घासा, घट्ट बसवा, वरून ग्रीस. मग तोच अर्थ बॉडीला जिथे बोल्टने लागतो तिथे जा. तिथला गंज आणि रंग कोणी बघत नाही, आणि परतीचा सगळा करंट तिथूनच येतो.

तरीही बॅटरी उतरत असेल तर गुन्हेगार थंडी नाही. इकडच्या मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो, तेव्हा बॅटरीतलं पाणी उडतं, प्लेटा उघड्या पडून खराब होतात. हे नुकसान उन्हाळ्यातलं. डिसेंबरात तेल घट्ट होतं, जास्त जोर लागतो, तेव्हा ते उघडं पडतं, एवढंच. डिस्टिल्ड वॉटर एप्रिलमध्ये बघायचं असतं.

आता मधल्या स्विचांकडे या. परदेशात लोक बसून चालवायच्या यंत्राने अंगणातलं गवत कापतात. आर्वीत गवत कापून गवळाऊ गाईच्या गव्हाणीत जातं, त्यामुळे ते यंत्र इथे कोणी बघितलेलं नसेल. पण त्याच्या सेल्फची वाट हीच: बॅटरी, किल्ली, सोलेनॉइड, मोटर. फक्त मधे जास्त स्विच असतात. ब्रेक दाबलेला नसेल किंवा पाती चालू असतील तर ते यंत्र सेल्फ घेतच नाही. आपल्या ट्रॅक्टरवरही असा क्लचचा किंवा न्यूट्रलचा स्विच अनेकदा असतो, आणि तो बिघडला की वायर जोडून ‘डायरेक्ट’ केला जातो.

त्याच्याही पुढची पायरी म्हणजे खाली उभं राहून सोलेनॉइडच्या दोन बोल्टांवर पाना किंवा स्क्रू ड्रायव्हर आडवा टेकवणं. ठिणगी उडते, ट्रॅक्टर सुरू होतो, काम झालं असं वाटतं. पण गिअर पडलेला असेल, तर किल्ली, क्लच, न्यूट्रल सगळ्यांना वगळून तो जागचा उडी मारतो, आणि पाना धरणारा माणूस बरोबर मागच्या मोठ्या चाकापुढे उभा असतो. पळायला वेळ मिळत नाही. या पद्धतीने जगभर शेतकरी गेले आहेत. वीस रुपयांचा सोडा आणि अर्धा तास लागला तर लागू द्या. सेल्फ मारायचा तो सीटवर बसून, क्लच दाबून, गिअर न्यूट्रलमध्ये आहे हे हाताने हलवून पाहूनच. आणि घरातल्या पोरांना पाना टेकवायची ती युक्ती शिकवू नका.