कांचेआडचा पाऊस

पाऊस सुंदर असतो, हें विधान खरें कीं खोटें, असें विचारणारा मनुष्य अरसिक ठरण्याचा संभव आहे. तरी गेल्या आषाढांत तो प्रश्न आम्हांस पडला खरा.

भर पावसांत समुद्रकांठचा रस्ता पाहावा, म्हणून आम्ही मालाडहून सहकुटुंब मोटारीनें निघालों. मार्व्यावरून अक्सा, एरंगळ, मढ असा तो मार्ग आहे. उजव्या हातास अधूनमधून खवळलेला समुद्र, डाव्या हातास तिवरांची खाडी. कांचा वर चढविलेल्या, अंगावरचे कपडे कोरडे. अशा स्थितींत वृत्ति उल्हसित न होईल तरच नवल! मढच्या कोळीवाड्याशीं थांबलों. होड्या ओढून वर घेतलेल्या, बोंबील वाळविण्याच्या बांबूंच्या मांडण्या रिकाम्या. ताडपत्रीखालीं सुकी मासळी घेऊन एक वृद्ध कोळीण बसली होती. आमची कन्या उत्साहानें तिला म्हणाली, "मावशी, काय सुंदर पाऊस पडतोय!" ती शांतपणें उत्तरली, "तुमचा पाऊस बरा हाय, बाय. आमची होरी वर हाय."

मासे अंडीं घालतात आणि दर्याही खवळलेला असतो, म्हणून जून-जुलैंत यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते. बंदी हितकर खरी. पण चूल बंदी जाणत नाहीं.

कांटनें १७९० सालीं प्रसिद्ध केलेल्या सौंदर्यविषयक ग्रंथांत दोन गोष्टी सांगितल्या आहेत. खवळलेला समुद्र भव्य वाटतो, तो पाहणारा सुरक्षित स्थळीं असेल तरच. आणि एखाद्या वस्तूस 'सुंदर' म्हणणें म्हणजे सर्वांच्या संमतीवर हक्क सांगणें. हीं दोन्ही विधानें आम्हीं वर्गांत पुष्कळ वर्षें शिकविलीं, परंतु एकमेकांशेजारीं ठेवून कधीं पाहिलीं नव्हतीं. सुरक्षितता थोड्यांची आणि संमति मात्र सर्वांची मागावयाची, हा कोठला न्याय? कांटचा अनुयायी म्हणेल, कोळणीचा निर्णय स्वार्थानें मलिन झालेला आहे. शुद्ध रसिकास स्वार्थ नसावा. ठीक. पण आमचे कोरडे कपडे हा स्वार्थ नव्हे काय? २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. उपनगरांतील माणसें त्या रात्रीं कमरेइतक्या पाण्यांतून वाट काढीत होतीं. त्यांत रसिकही पुष्कळ असतील, पण त्यांपैकीं कोणीं त्या पावसास सुंदर म्हटल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं.

मग पावसाचा आनंद घेऊंच नये काय? तसें आम्हांस वाटत नाहीं. ज्या दर्याचें भय, त्यालाच कोळी नारळी पौर्णिमेस नारळ अर्पण करतात. त्या पूजेंत भय, प्रेम आणि पोटाची चिंता एकत्र असतात. आम्हीं आमच्या आनंदांतून पहिली आणि तिसरी गोष्ट वगळली होती, आणि जें उरलें त्यास सौंदर्य म्हणत होतों.

सुके बोंबील घेतांना घासाघीस करण्याची आमच्या कुटुंबाची नेहमींची हौस त्या दिवशीं दिसली नाहीं. त्याचा आम्हांस आनंद झाला कीं लाज वाटली, हें अजून ठरवितां आलेलें नाहीं.