चालू खाते

पडके अवशेष पाहिले की माणसाला वैराग्य येते म्हणतात. येते खरे, पण जेवणाची वेळ झाली की जाते! हंपीला तर ते पावलोपावली येते. १५६५ साली तालिकोटची लढाई झाली आणि विजयनगर उजाड झाले. आता राजवाड्यांची नुसती जोती उरली आहेत; हत्ती बांधायची अकरा दालने मात्र ठणठणीत! सौभाग्यवती म्हणाली, "बघा, राजापेक्षा हत्तीचं बरं." यावर कुणी काय बोलावे?

अर्धे आयुष्य बँकेच्या खिडकीमागे काढल्यामुळे आम्हांला सगळे जग खातेवहीसारखे दिसते. विठ्ठल मंदिरातला दगडी रथ तर २०१७ पासून पन्नासाच्या नव्या नोटेवर छापलेला. रोज हाताखालून जातो. तो समोर दिसला तेव्हा नेहमीचे गिऱ्हाईक भेटल्यासारखे वाटले. कोरीव काम असे, की बघतच राहावे. पण गाभारा रिकामा. पंढरीचा विठोबा विजयनगरला नेला होता आणि एकनाथांचे पणजोबा भानुदास यांनी तो परत आणला, अशी आपल्याकडे कथा आहे. ते काही असो. तिथे आज ना घंटा, ना आरती.

उलट विरूपाक्षाचे देऊळ! तिथे आजही पूजा होते, नारळ फुटतात, पोरे रडतात. बँकेचा नियम असा, की दोन वर्षे खातेदाराने व्यवहार केला नाही तर बचत खाते निष्क्रिय होते. मग शिल्लक शंभराची असो की लाखाची. विठ्ठल मंदिराची शिल्लक लाखाची, पण ते पुरातत्त्व खात्यात. विरूपाक्षाचे चालू खाते!

आता प्रश्न असा, की माणसाने भरणा एकदाच मोठा करावा, की थोडाथोडा रोज? आमच्या माहितीतल्या एका गृहस्थांनी गावी आईसाठी टोलेजंग घर बांधले. दारावर 'मातृछाया' अशी संगमरवरी पाटी. स्वतः मात्र गेल्या पाच वर्षांत दोनदा गेले. म्हातारी शेजारणीला म्हणते, "घर छान आहे हो, पण बोलत नाही." कृतघ्न म्हणावे, तर त्यांनी खर्चात काटकसर केलेली नाही. कर्तव्य केले म्हणावे, तर त्या घरात आणि रिकाम्या गाभाऱ्यात फरक काय?

दगडाचा रथ बांधायला राजा लागतो. संध्याकाळी दिवा लावायला कुणीही चालतो. अवघड मात्र दुसरेच; कारण ते उद्याही करावे लागते.