उसनं तारुण्य

१ जून १८८९. पॅरिसमध्ये ७२ वर्षांच्या ब्राऊन-सेकार या शरीरक्रियाशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांना सांगितलं, की कुत्र्याच्या आणि गिनीपिगच्या वृषणांचा अर्क टोचून घेतल्यावर अंगात पुन्हा बळ आलं. त्या अर्कात हार्मोन नावापुरतंच होतं. काम केलं ते बहुधा श्रद्धेने. खरं टेस्टोस्टेरॉन हाती आलं १९३५ साली.

आज ते एरंडेल तेलात मिसळून मिळतं. चार मिलिलिटर दाट द्रव नितंबाच्या स्नायूत सावकाश सोडतात, पुढे दहा ते चौदा आठवड्यांनी पुन्हा.

क्लाइनफेल्टर सिंड्रोम या जन्मजात दोषामुळे ज्याच्या शरीरात पुरेसं टेस्टोस्टेरॉन बनत नाही, अशा तरुणाला हे इंजेक्शन देणं म्हणजे मधुमेह्याला इन्सुलिन देण्यासारखंच. तिथे धर्मसंकट नाही. पण साठीत मंदावलेल्या इच्छेचं काय? औषधाने जागी झालेली वासना त्या माणसाची म्हणायची, की तेलाची? माझ्या मते ती त्याचीच. नाहीतर तारुण्यातली वासनाही आपली नव्हे, तीही रक्तातल्या रसायनाचीच म्हणावी लागेल.

खरा पेच महाभारतातल्या ययाती राजाचा आहे. त्याने हजार वर्षांचं तारुण्य घेतलं ते पुरूकडून, पोटच्या पोराकडून. इथेही किंमत पुढच्या पिढीकडे सरकू शकते: बाहेरून हार्मोन आलं की मेंदूतली पीयूषिका ग्रंथी वृषणांना संदेश देणं थांबवते, आणि शुक्राणू घटतात, कधी शून्यावर येतात. बंद केल्यावर ते बहुतेकांचे परततात, पण महिने लागतात. म्हणूनच मूल हवं असलेल्या पुरुषाला हे इंजेक्शन देऊ नये, असं वैद्यकीय मार्गदर्शक तत्त्वं सांगतात.